चौकटीची चुगली : नववीची भूमिती आणि तीन शब्दकोडी

ऑगस्टच्या चाचणीत एक प्रश्न मी मुद्दाम सोपा घातला होता, सगळ्यांना दोन गुण तरी मिळावेत म्हणून. दोन समांतर रेषा, त्यांना छेदणारी एक छेदिका, आठ कोनांना आठ नावं. संगत कोनांची एक जोडी लिहा, व्युत्क्रम कोनांची एक जोडी लिहा. निम्म्याहून जास्त मुलांनी जागा कोरी सोडली.

शाळा सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली. नववीची मराठी माध्यमाची तुकडी, पटावर चाळीसएक मुलं. घरची द्राक्षबाग असलेली काही, दुसऱ्याच्या बागेत आईबाप रोजानं जाणारी काही, एकदोन गवंड्यांची. पेपर वाटल्यावर कोरं सोडणाऱ्यांपैकी चौघांना मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलावलं. फरशीवर खडूनं तीच आकृती काढली आणि ‘संगत’ हा शब्द तोंडातून न काढता विचारलं, “हा कोन ज्या जागेवर बसलाय, तशाच जागेवर पलीकडच्या रेषेवर कोण बसलाय?” चारही बोटं बरोबर ठिकाणी पडली.

“मग पेपरात का नाही लिहिलंत?”

“बाई, संगत म्हंजे कंचं त्येच ध्यानात येईना.”

कोन कळत होता, त्याचं नाव कळत नव्हतं. बावीस वर्षं शिकवून हे मला व्हरांड्यात कळावं, याचं थोडं वाईटही वाटलं.

त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन पहिल्या सत्रातले शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवायला बसले. दरम्यानता, विरुद्ध किरण, पक्ष, साध्य, व्यत्यास, छेदिका, आंतरकोन, दूरस्थ आंतरकोन, मध्यगा, एकरूप... साठाच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडलं. यातले बरेच शब्द मुलांना भूमितीच्या तासाशिवाय आयुष्यात कुठं भेटत नाहीत. जे भेटतात ते भलत्याच कपड्यांत भेटतात. पक्ष निवडणुकीतला, पाया घराचा, कर्ण महाभारतातला. शेजारच्या सेमी इंग्रजी तुकडीत तर ‘अँगल’ म्हटलं की अर्धा वर्ग बागेत जाऊन पोचतो, कारण आमच्याकडं अँगल म्हणजे मांडवाचा लोखंडी खांब. “वाय अँगल का साधा?” असं एकानं विचारलं होतं, आणि तो चेष्टा करत नव्हता.

शब्दकोड्याची कल्पना माझी नव्हे. शाळेजवळच्या सलूनमध्ये रोजचं वर्तमानपत्र येतं आणि दहावीची दोन मुलं सुट्टीत तिथं जाऊन बसतात अशी तक्रार माझ्यापर्यंत आली. ओढून आणायला गेले तर दोघं पेन घेऊन शब्दकोडं सोडवत होती. एक म्हणत होता, “तीन अक्षरी हाय, मधलं र.” मीही खुर्चीवर टेकले. पुढं वाचताना कळलं की आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात पहिलं शब्दकोडं छापलं, तेव्हा त्याचा आकार आजच्यासारखा चौरस नव्हता, शंकरपाळीसारखा होता. भूमितीच्या बाईला एवढं निमित्त पुरतं.

पहिलं कोडं

मराठी कोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसतं, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यांसकट. त्यामुळं ‘त्रिज्या’ला दोनच चौकटी लागतात, त्रि आणि ज्या. व्यास दोन, जीवा दोन, कंस दोन, कर्ण दोन, लंब दोन, रेषा दोन. ही दोन अक्षरी मंडळी कोडं रचणाऱ्याचा जीव खातात, कारण एक चौकट दुसऱ्या शब्दाशी जुळवली की अर्धा शब्द फुकटात उघडा पडतो. तरी काही जुळण्या हाती लागल्या. व्यास आणि कंस ‘स’वर भेटले. छेदिकेचं शेवटचं ‘का’ काटकोनाचं पहिलं झालं. साध्य आणि मध्यगा ‘ध्य’वर भेटले, तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच हसले.

अठरा शब्दांचं कोडं झालं. शोधसूत्रं सरळ पुस्तकातल्या व्याख्यांची. झेरॉक्स काढून वाटलं. तासाला अशी शांतता मी फार दिवसांनी ऐकली. तास संपायच्या आत बहुतेकांचं भरून झालं, तेही जवळजवळ बरोबर. मुख्याध्यापकांना दाखवलं, त्यांनी फलकावर लावायला सांगितलं.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला मी फळ्यावर एक विशालकोन त्रिकोण काढला आणि म्हटलं, या लघुकोनाच्या शिरोबिंदूतून शिरोलंब काढा. ‘शिरोलंब’, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब, सगळ्यांनी सकाळी चार चौकटींत बरोबर लिहिला होता. वह्या बघत फिरले. बहुतेकांनी समोरच्या बाजूच्या मध्यावर रेघ नेऊन टेकवली होती, म्हणजे मध्यगा काढली होती. काहींनी अंदाजानं त्रिकोणाच्या पोटात एक तिरकी रेघ मारली होती. बाजू वाढवून बाहेर लंब टाकणारी दोनच मुलं निघाली.

मग शब्द भरला कसा? एका मुलीला कोडं पुढ्यात ठेवून विचारलं, “‘ज्यांच्या मापांची बेरीज ९० अंश ते कोन’, इथं कोटिकोन कसं लिहिलंस?”

“चार चौकटी हुत्या बाई. लघुकोन आनि काटकोन आधीच येऊन गेलते. ऱ्हायला कोटिकोनच.”

ही चौकटीची चुगली. काटकोन, लघुकोन, कोटिकोन चार अक्षरी, तर सरळकोन, विशालकोन, पूरककोन पाच अक्षरी. शेवटचे दोन घर ‘को-न’ हे तर डोळे मिटून भरता येतात. मुलांनी भूमिती न करता उत्तम गणित केलं होतं, चौकटींचं. दोष त्यांचा नव्हताच. मी रचलेलं कोडं शब्द आठवतो का एवढंच विचारत होतं, आणि आठवायला स्वतःच मदतही करत होतं.

त्याच जागी एक वेगळी गोष्ट मात्र घडली. वर्गातला एक मुलगा घरी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून अभ्यास करतो. त्यानं पू-र-क-को असं भरलं आणि ‘न’ला जागा उरली नाही. खोडलं, परत लिहिलं, मग उठून माझ्याकडं आला. “बाई, तुमची चौकट चुकलीया.” मी रागावणार होते. पण तो ठाम होता, म्हणून शाळा सुटल्यावर माझ्या फोनवर तो व्हिडिओ लावायला सांगितला. मुलगा खरा होता. हिंदी पुस्तकांत बेरीज ९० भरणाऱ्या कोनांना पूरक म्हणतात आणि १८० वाल्यांना संपूरक. मराठीत ९० वाले कोटिकोन, १८० वाले पूरक. शब्द तोच, माप दुप्पट. आमच्या किती पोरांचे गुण या एका शब्दानं खाल्ले असतील, देव जाणे. त्या मुलाला चौकटीनं चुगली केली नव्हती, अडवलं होतं. बाकीच्यांनाही असं अडवता येईल का, या प्रश्नावरच दुसरं कोडं उभं राहिलं.

शुद्धलेखनाबद्दलही माझी समजूत होती की आडवे-उभे शब्द एकमेकांना सुधारतात. ‘त्रिकोण’चा ण मी ‘किरण’च्या ण वर आणून ठेवला होता. मराठीत कोन, चौकोन, काटकोन न चे आणि त्रिकोण तेवढा ण चा, त्यामुळं इथं हमखास चूक होते. ज्यांच्या बोलण्यात ण नाही त्यांनी ‘त्रिकोन’ लिहिलं, ‘किरन’ लिहिलं, आणि दोन्ही चुका एकमेकींत सुखानं बसल्या. शेवटी ते फळ्यावरच सांगावं लागलं.

दुसरं कोडं : आयग्न

दुसऱ्या कोड्यात अकराच शब्द घेतले, पण जुळे शोधून. लंबदुभाजक आणि कोनदुभाजक. दोन्ही सहा अक्षरी, शेवटची चार अक्षरं तीच. एकरूप आणि समरूप, दोन्ही चार अक्षरी आणि शेवटी ‘रूप’. संगतकोन आणि संलग्नकोन, दोन्ही पाच अक्षरी, पहिलं सं, शेवटी को-न. मोजून काही हाती लागणार नाही अशी व्यवस्था केली. शोधसूत्रांत व्याख्या एकही नव्हती, प्रत्येक क्रमांकासमोर फक्त आकृती. समान खुणा, काटकोनाची छोटी चौकट, छायांकित कोन, एवढंच बघून शब्द ओळखायचा.

वर्ग अडकला. पहिल्या तासात अर्धं कोडंही भरलं नाही, कुरकुर सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक तास द्यावा लागला. अभ्यासक्रम मागं पडतोय हे मला दिसत होतं.

संगतकोनाचं तिसरं अक्षर ‘त’ मी ‘आयत’च्या शेवटच्या अक्षरावर ठेवलं होतं. ज्यांनी छेदिकेच्या आकृतीला ‘संलग्न’ लिहिलं, त्यांना उभ्या ओळीत आ, य आणि ग्न मिळालं. मधल्या बाकावरून एकानं मोठ्यानं वाचलं, “आयग्न!” वर्ग फुटला. हसू ओसरल्यावर मात्र वाद रंगला. आयत तर नक्की आहे, आकृती समोर आहे, मग आडवा शब्द चुकलाय. संलग्न म्हणजे काय? लागून असलेला, एकाच शिरोबिंदूवर, एक बाजू सामाईक. इथं तर दोन कोन दोन वेगळ्या रेषांवर, मधे एवढं अंतर. मग ते संलग्न कसे? हे सगळं मुलंच एकमेकांना सांगत होती. तेव्हापासून आमच्या वर्गात चुकीच्या उत्तराला ‘आयग्न’ म्हणतात. मीही म्हणते.

शिरोलंबाची गाठ इथंच सुटली, आणि ती मी सोडवली नाही. विशालकोन त्रिकोणाची आकृती, त्याच्या बाहेर पडलेला लंब, हे शोधसूत्र बघून पुष्कळांनी “बाई, छपाई चुकली” म्हटलं. मी शब्द फोडून दाखवला. शिर म्हणजे शिरोबिंदू, लंब म्हणजे लंब. कुठून निघायचं आणि कसं पडायचं दोन्ही शब्दातच आहे, आत पडायचं असं कुठं म्हटलंय? माना हलल्या, पण पटलेलं दिसेना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण, वडील गवंडी, म्हणाला, “भिंत कलली तर ओळंबा पायाच्या भायेरच पडतोय की ओ.”

मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं बाहेर झुकलेली भिंत काढली, वरच्या टोकावरून दोरी सोडली, खाली वजन काढलं. दोरी पायाला सोडून बाहेर जमिनीला काटकोनात भिडली. मग भिंतीचं वरचं टोक पायाच्या दुसऱ्या टोकाशी जोडलं. विशालकोन त्रिकोण आणि त्याचा शिरोलंब. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न दिला तेव्हा पाया वाढवून बाहेर लंब टाकणाऱ्या वह्या इतक्या होत्या की ज्यांनी नाही टाकला त्यांनाच मी मोजलं. पाच जण.

तिसरं कोडं, मुलांचं

ऑक्टोबर उजाडला, द्राक्षबागांची फळछाटणी सुरू झाली. वर्गात रोज दहाबारा जागा रिकाम्या, पुढचा धडा घेण्यात अर्थ नव्हता. तेव्हा ठरवलं की आता शोधसूत्रं मुलांनी लिहायची. नियम दोन. सूत्र वाचून आकृती काढता आली पाहिजे. आणि एका सूत्रात दोन शब्द बसले, तर सूत्र बाद.

हा दुसरा नियम फार कामाचा ठरला. ‘जीवा’साठी एकीनं लिहिलं, “वर्तुळाच्या आत मावणारी रेषा.” लगेच हात वर. रेषा कशी मावेल, ती दोन्हीकडं न संपणारी, रेषाखंड म्हण. बरं, “वर्तुळाच्या आतला रेषाखंड.” मग त्रिज्या पण बसती की. “ज्याची दोन्ही टोकं वर्तुळावर आहेत असा रेषाखंड.” आता त्रिज्या गेली, पण व्यास बसतोच. यावर ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “बसू दे. व्यास जीवाच हाय. मोठ्यातली मोठी.” वर्तुळाचं प्रकरण अजून शिकवायचं होतं, आणि त्यातला एक गुणधर्म असा आधीच येऊन बसला.

कंसासाठी एकानं लिहिलं, “कृष्णाचा मामा.” सगळ्यांना येणारं सूत्र, पण नियमानं बाद, कारण मामाची आकृती काढली तरी भूमिती होत नाही. मी बाद केलं, मग वाटलं बरं नाही केलं. म्हणून कंस आणि जीवा धनुष्यावर दाखवली. वाकलेली काठी कंस, ताणलेली दोरी जीवा. संस्कृतात दोरीला ज्याही म्हणतात.

यावर प्रश्न आला, आणि तो मी जन्मात विसरणार नाही. “बाई, मग त्रिज्या म्हंजे तीन दोऱ्या काय? त्रिज्या तर एकच असती.”

उत्तर मला ठाऊक होतं, पण कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. जुन्या ज्योतिषगणितात वर्तुळाच्या बारा राशी, एक रास ३० अंशांची. तीन राशी म्हणजे ९० अंश. ‘ज्या’ म्हणताना ते बहुधा अर्धी दोरीच धरत, दुप्पट कंसाच्या जीवेचा निम्मा भाग. ९० ची दुप्पट १८०, म्हणजे अर्धं वर्तुळ. त्याची जीवा म्हणजे व्यास, आणि व्यासाचा निम्मा ही आपली त्रिज्या. तीन राशींची ज्या, म्हणून त्रिज्या. फळ्यावर काढून दाखवलं. पाचसहा जणांना पूर्ण कळलं असेल, पण प्रश्न विचारणारा त्यात होता. हीच ज्या, जीवा अरबी पुस्तकांत गेली, तिथं तिचं वाचन बदललं, पुढं लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाली आणि त्रिकोणमितीतला ‘साइन’ होऊन आपल्याच पुस्तकात परत आली.

मग कोटीही निघालीच. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू भुज, कोटी आणि कर्ण. भुज आडवी धरली तर कोटी तिच्यावर काटकोनात उभी. म्हणून मुलांना एवढंच सांगितलं, कोटी दिसली की काटकोन आठवा, दोन्हीकडं क आहे. हिंदी व्हिडिओवाल्यानं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘मराठीत पूरक १८०’.

बागेतनं आलेली सूत्रं सगळ्यात पक्की होती. छेदिका : “मांडवाच्या समांतर तारांवर तिरपी ठेवलेली काठी.” कर्ण : “बाग आखताना एकीकडं ३ फूट, दुसरीकडं ४ फूट मोजल्यावर टेप जिथं ५ दाखवाय पायजे ती बाजू.” हे लिहिणाऱ्याला मी विचारलं, पाच नाही दाखवले तर? “मग आखणी गुण्यात न्हाई.” गुण्यात म्हणजे काटकोनात. पायथागोरस आमच्याकडं पुस्तकाच्या आधी टेपवर येतो.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. दोन मुलांना वाचायलाच जड जातं. त्यांना कोडं म्हणजे दुहेरी शिक्षा होती, आधी सूत्र वाचा, मग जोडाक्षर चौकटीत नीट बसवा. यातल्या मुलीची आकृती वर्गात सगळ्यात स्वच्छ येते. पहिल्या दोन कोड्यांत मी तिला कोरा कागद परत करताना बघितलं होतं आणि काही केलं नव्हतं, हे लिहून ठेवते. तिसऱ्या वेळी तिला चौकटी भरायला दिल्याच नाहीत. सगळ्यांच्या सूत्रांना आकृत्या तिनं काढल्या. कुणाचं सूत्र अर्धवट असलं की ती वर बघून म्हणायची, “ह्येची काढता येत न्हाई,” आणि सूत्र परत जायचं. सेमीच्या तुकडीत कोडं नेऊन बघितलं, ते रुजलं नाही. इंग्रजी शब्द लांब, जुळवायला सोपे, पण फोडून बघावं तर मुलांच्या हाताला आत काही लागत नाही.

प्रथम सत्र परीक्षेत समांतर रेषांचा प्रश्न पुन्हा होता. कोरा कुणी सोडला नाही. चुका होत्या, पण त्या कोनांच्या होत्या, म्हणजे आता मला शिकवता येतील अशा.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिसरं कोडं पुठ्ठ्यावर काढून वर्गात लावलं. त्यातल्या दोन चौकटी अजून रिकाम्या आहेत. शब्द ‘पाया’. गवंड्याच्या मुलानं सूत्र दिलं होतं, “त्रिकोणाची खालची बाजू.” आकृत्या काढणारी उठली, त्याचीच वही घेतली आणि उलटी धरली. “आता कंची?”

“आता पन खालचीच. पाया खालीच असतोय.”

“पर आता ती दुसरी बाजू हाय.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी घंटा झाली म्हणून वर्गाबाहेर पडले.